मुंबईत कॅमेरा घ्यायला जाताय? आधी एक दिवस फोननेच रस्त्यावर फिरा

मुंबईला जायचं ठरलं, मग निमित्त इंटरव्ह्यूचं असो, मित्राच्या लग्नाचं असो की नुसती सुट्टी, की बऱ्याच जणांच्या डोक्यात एक जोडकाम असतंच. "जातोच आहे तर फोर्टमधून एखादा सेकंड-हँड कॅमेरा बघून येतो." विचार चांगला आहे. आपल्या गावात कॅमेऱ्याचं दुकान एक किंवा शून्य, आणि तिथे एका रस्त्यावर ओळीने दुकानं. पण गडबड इथेच होते. माणूस सकाळी स्टेशनवर उतरतो, दुपारी दुकानात जातो, दुकानदार जे पुढे ठेवेल त्यातलं सगळ्यात मोठं दिसणारं घेतो आणि सहा महिन्यांनी तो कॅमेरा कपाटात जातो. तीन-चार पगारांतून बाजूला काढलेले पैसे अडकतात आणि फोटो पुन्हा फोननेच निघायला लागतात.

यावर एक सोपा उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मुंबईत दोन दिवस असतील तर पहिला दिवस फक्त फोन घेऊन फिरा. रात्री त्या फोटोंची माहिती उघडून बघा. फोन नेमका कुठे कमी पडला हे तुमचेच फोटो सांगतात. मग दुसऱ्या दिवशी तेवढीच कमतरता भरून काढणारी वस्तू विकत घ्या. कदाचित काहीच घ्यायची गरज नाही, असंही उत्तर येईल. तेही कामाचंच.

पहिला दिवस: तीन वेळा, तीन प्रकारचा प्रकाश

रस्त्यावरच्या फोटोग्राफीत जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. म्हणून फोनची परीक्षा तीन वेगवेगळ्या वेळी घ्या.

पहाटे दादरचं फुलमार्केट. स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की झेंडूच्या राशी दिसायला लागतात. उजाडायच्या आधी बल्बचा पिवळा प्रकाश, सतत हलणारी माणसं, डोक्यावर टोपल्या. फोनसाठी हा सगळ्यात अवघड पेपर.

दुपारनंतर सीएसएमटी आणि आजूबाजूचा परिसर. स्टेशनच्या इमारतीची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, त्यामुळे कलत्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. २००४ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण रस्त्यावरचा फोटो म्हणजे इमारत नव्हे. इमारतीसमोरून धावत जाणारा डबेवाला, टॅक्सीच्या काचेतलं प्रतिबिंब, सावलीतून उन्हात येणारा माणूस, असं काहीतरी शोधा.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. आधी समोरून सूर्य, मग अर्धा तास निळसर उजेड, मग दिवे. कठड्यावर बसलेली माणसं, पळणारी मुलं.

प्रत्येक ठिकाणी पन्नासेक फोटो काढा. फिल्टर नको, पोर्ट्रेट मोड नको. साधा फोटो मोड ठेवा आणि जे फसले तेही डिलीट करू नका. फसलेले फोटोच रात्री कामाला येणार आहेत.

फोन आत नेमकं काय करतो?

तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन "एक" फोटो काढतो असं वाटतं. तसं नसतं. कॅमेरा अ‍ॅप उघडल्यापासून सेन्सर सतत फ्रेम घेत असतो आणि शेवटच्या काही फ्रेम मेमरीत फिरत्या ठेवलेल्या असतात. नवी आली की सगळ्यात जुनी बाहेर. बटण दाबलं की बऱ्याच फोनमध्ये याच साठ्यातल्या फ्रेम उचलल्या जातात. म्हणून चांगल्या उजेडात फोन अगदी त्याच क्षणाचा फोटो देतो. मग चार, आठ, कधी त्याहून जास्त फ्रेम एकमेकांवर बसवून त्यांची सरासरी काढली जाते. त्यामुळे दाणेदारपणा कमी होतो आणि सावलीतलंही दिसायला लागतं.

ही युक्ती न हलणाऱ्या गोष्टींवर भारी चालते. सीएसएमटीची इमारत रात्री फोनने इतकी छान येते, की स्वस्तातला डीएसएलआर हातात धरून तसा फोटो काढताना घाम फुटेल. पण माणूस हलतो. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. १/१५ सेकंदात तो ९ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. १/२५० सेकंदात फक्त अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. पहिल्या फोटोत चेहऱ्याचा लगदा होतो, दुसऱ्यात डोळे दिसतात. सॉफ्टवेअर फ्रेम जोडू शकतं, पण ज्या फ्रेममध्ये चेहरा पुसला गेलाय तिथे तो परत आणू शकत नाही. (काही फोन आता चेहरा अंदाजाने रंगवतात. तो त्या माणसाचा चेहरा नसतो.)

रात्रीचा अभ्यास: फोटोंची माहिती उघडा

गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर स्वाइप करा. आयफोनमध्येही वर स्वाइप करा किंवा माहितीचं बटण दाबा. प्रत्येक फोटोखाली काही आकडे असतात. याला एक्झिफ माहिती म्हणतात. त्यातले तीन बघा.

शटर स्पीड: १/५०० म्हणजे जलद, १/१५ म्हणजे मंद.
आयएसओ: आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी होता.
फोकल लेंग्थ किंवा झूम: तुम्ही १एक्सवर होतात, की सतत २एक्स-३एक्स ओढत होतात?

आता फसलेले फोटो बाजूला काढा आणि का फसले ते एकेका शब्दात लिहा: "हलला", "लांब होता", "अंधार", "मीच उशीर केला".

माझा मामेभाऊ साताऱ्याहून आला होता तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याचा एकच प्रश्न: "दादा, झूम किती येईल त्यात?" त्याला मोठ्या झूमची लेन्स हवी होती. रात्री आम्ही त्याचे फोटो उघडले. जवळपास सगळे १एक्सवर काढलेले. आवडलेले फोटो तर सगळे हातभर अंतरावरून. फसलेल्यांपैकी बहुतेक दादर आणि मरीन ड्राइव्हचे, शटर १/२० च्या आसपास. म्हणजे त्याला लांबचं बघायचंच नव्हतं. त्याला अंधारात हलणारी माणसं पकडायची होती. झूमवर जाणारे पैसे तिथेच वाचले.

यादीचा अर्थ असा लावायचा. "मीच उशीर केला" जास्त असेल तर कॅमेरा नको, सराव हवा. "लांब होता" जास्त असेल तर आधी दोन पावलं पुढे जाऊन बघा. "हलला" आणि "अंधार" जास्त असतील तर कॅमेऱ्याला खरंच काम आहे.

थोडं गणित: किती प्रकाश आत येतो?

हे गणित दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून नीट बघूया. फोटोला एकूण किती प्रकाश मिळतो हे दोन गोष्टींवर ठरतं: सेन्सरचं क्षेत्रफळ आणि लेन्सचा एफ-आकडा. क्षेत्रफळाला एफ-आकड्याच्या वर्गाने भागलं की तुलनेसाठी एक साधा आकडा मिळतो.

मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ८.२ × ६.१ मिलिमीटरच्या आसपासचा मुख्य सेन्सर असतो. क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर. लेन्स एफ/१.८. आकडा येतो साधारण १५.

निकॉन-सोनीच्या साध्या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर असतो: २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिलिमीटर. फोनच्या सातपट! पण थांबा, आता लेन्स बघा.

फोन, एफ/१.८: १५
कॅमेरा + १८-५५ किट लेन्स, झूम न करता, एफ/३.५: ३०
तीच किट लेन्स पूर्ण झूम करून, एफ/५.६: १२
कॅमेरा + ३५ मिलिमीटर, एफ/१.८: ११३

तिसरी ओळ पुन्हा वाचा. कॅमेरा घेतला, गळ्यात अडकवला, किट लेन्स झूम केली, आणि एका क्षणात मिळणारा प्रकाश फोनपेक्षाही कमी. शिवाय फोनकडे आठ फ्रेम जोडायची युक्ती आहे, जुन्या डीएसएलआरकडे सहसा नाही. "डीएसएलआर घेतला पण रात्रीचे फोटो फोनसारखेच येतात" ही तक्रार इथून येते. कॅमेरा खराब नसतो, लेन्स चुकीची असते.

शेवटची ओळ मात्र फोनच्या सातपटीहून जास्त आहे. मरीन ड्राइव्हवर दिव्याखाली १/२५० शटरला एफ/१.८ वर आयएसओ १६०० पुरत असेल, तर तिथेच एफ/५.६ ला जवळपास १६,००० लागेल. पहिला फोटो स्वच्छ, दुसरा रवाळ.

म्हणून बजेट ठरलेलं असेल तर बॉडी एक-दोन पिढ्या जुनी चालेल, पण एफ/१.८ ची एक फिक्स लेन्स घ्याच. निकॉनमध्ये ३५ मिलिमीटर एफ/१.८ रस्त्यासाठी सोयीची पडते. कॅननमध्ये ५० मिलिमीटर एफ/१.८ स्वस्त मिळते, पण छोट्या सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते आणि गल्लीत मागे सरकायला जागा उरत नाही. तिथे २४ मिलिमीटर एफ/२.८ ही चपटी छोटी लेन्स बघा. तिचा आकडा ४२ येतो, म्हणजे फोनच्या अडीच पटीहून जास्त, आणि खिशातही मावते.

निकॉनबद्दल एक सापळा: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. दुकानात एखादी जुनी "एएफ-डी" लेन्स स्वस्तात दाखवतील. ती बसेल, फोटो निघेल, पण ऑटोफोकस चालणार नाही. लेन्सवर "एएफ-एस" लिहिलंय का ते बघा.

दुसरा दिवस: बोरा बझार

सीएसएमटीपासून चालत काही मिनिटांवर फोर्टमधला बोरा बझार स्ट्रीट आहे. नवे-जुने कॅमेरे, लेन्स, बॅगा, दुरुस्ती, सगळं याच परिसरात. अकरानंतर जा. रविवार टाळा, फोर्टमधली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात. जाण्याआधी हव्या त्या मॉडेलचा जुन्यातला भाव ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी बघून ठेवा आणि पहिल्याच दुकानात पैसे देऊ नका.

सोबत घ्या: स्वतःचं मेमरी कार्ड, फोनला जोडायचा कार्ड रीडर आणि एक कोरा पांढरा कागद. टॉर्च फोनमध्ये आहेच. मग काउंटरवर शांतपणे एवढं तपासा.

१. लेन्समधली बुरशी. दोन्हीकडची झाकणं काढून एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की लेन्स परत ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे नेहमीचं आहे, आणि बुरशी वाढत जाते. थोडी धूळ मात्र चालते, फोटोत दिसत नाही.

२. सेन्सरवरचे डाग. एफ/१६ ठेवून पांढऱ्या कागदाचा मुद्दाम फोकस नसलेला फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर धूळ आहे. ती साफ होते, पण भावात धरा. ओरखडा असेल तर सोडा.

३. जळालेले पिक्सेल. लेन्सचं झाकण लावून दोन सेकंदांचा फोटो काढा आणि झूम करून बघा. काळ्या पडद्यावर लाल-निळे ठिपके एखाद-दुसरे ठीक, पुंजके नकोत.

४. शटर काउंट. साध्या डीएसएलआरपैकी बऱ्याच मॉडेलचं शटर साधारण १ लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटोच्या एक्झिफमध्ये हा आकडा असतो. तुमच्या कार्डावर एक फोटो काढा आणि फोनवर एक्झिफ वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. दुकानदाराला दाखवायला सांगा.

५. ऑटोफोकस. जवळ, लांब, पुन्हा जवळ, असं दहा वेळा करा. आवाज घासल्यासारखा येतोय का ते ऐका.

६. स्क्रू आणि फटी. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर कॅमेरा कधीतरी उघडलेला आहे. का उघडला ते विचारा. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघा.

याला वीस मिनिटं लागतात. घाई करणाऱ्या दुकानदाराला "दादा, बघूनच घेणार" म्हणायला लाजू नका. रोज कॅमेरे विकणाऱ्याला हे नवीन नसतं.

"विथ बिल की विदाउट?"

हा प्रश्न येऊ शकतो. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे बिल नको म्हटलं की भाव खाली येतो आणि मोह होतो. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. उद्या कॅमेरा चोरीचा निघाला तर तुम्ही तो दुकानातून घेतला हे सिद्ध करायला हातात काही नाही. विमा नाही, आणि तुम्हालाच तो विकायचा झाला तर भावही नाही.

नवा कॅमेरा असेल तर "इंडिया वॉरंटी की इंपोर्टेड?" हेही विचारा. बाहेरून आणलेल्या मालाला, ज्याला बाजारात "ग्रे" म्हणतात, कंपनीची भारतातली वॉरंटी सहसा मिळत नाही.

बिलावर कॅमेरा आणि लेन्स दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्या आणि ते वस्तूवरच्या नंबरांशी जुळवा. दुकानाचा जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. तिथेच उभं राहून, पैसे द्यायच्या आधी बघा. जुन्या मालावर दुकानदार काही दिवसांची चेकिंग वॉरंटी देत असेल, तर ती तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

कॅमेरा हातात आला, आता सेटिंग

दिवसा किट लेन्सही उत्तम चालते. झूम न करता १८ मिलिमीटर, एफ/८. साधारण दोन मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा आणि मग फोकस मॅन्युअलवर टाका. आता जवळपास एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फोकस शोधण्यात वेळच जात नाही. फक्त बघायचं आणि बटण दाबायचं. शटर १/५००, आयएसओ ऑटो.

रात्री ३५ मिलिमीटर, एफ/१.८, शटर १/२५०, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. आता फोकस ऑटोवर, मधला एकच पॉइंट. उजेड कमी वाटला तर शटर आणखी मंद करण्यापेक्षा दिव्याजवळ जा. पानाच्या टपरीचा, भजीच्या गाडीचा प्रकाश चेहऱ्यावर सुंदर पडतो.

लोकलमध्ये गर्दीच्या वेळी कॅमेरा बॅगेत आणि बॅग पोटाशी.

समोर माणूस आहे, विसरू नका

आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण काही रेषा पक्क्या आहेत. संरक्षण दलांच्या जागा आणि "फोटो काढू नये" अशी पाटी असलेल्या जागा टाळा. कुलाब्याकडे फिरताना हे विशेष लक्षात ठेवा. रेल्वेच्या आवारात व्यावसायिक शूटिंगला परवानगी लागते. ट्रायपॉड उघडलात तर विचारणा होणारच. एखाद्या स्त्रीचे खाजगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कुणाच्याही खाजगी अवयवांचा संमतीशिवाय फोटो काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आहे.

कायद्यापलीकडचा भाग तुमच्या हातात आहे. फोनने फोटो काढताना कुणाला पत्ता लागत नाही. कॅमेरा उचलला की सगळ्यांना दिसतो. हे चांगलंच आहे, कारण त्यामुळे बोलावं लागतं. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं विचारलं की दादरला अर्ध्या जणी हसून हो म्हणतात, बाकीच्या हात हलवून नाही. नाही म्हणजे नाही. काढलेला फोटो डिलीट करा म्हणाले तर त्यांच्यासमोर करा. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारून. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा नकोच, तो नाही म्हणू शकत नाही. हो म्हणालेल्यांना फोटो दाखवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं फोटोंतून समोर आणलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईला जाण्याआधी त्यांचं काम नक्की बघा. असे फोटो लेन्सच्या किमतीवर ठरत नाहीत. समोरच्या माणसाने तुम्हाला जवळ उभं राहू दिलं, तरच ते मिळतात.

घरी आल्यावर

कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर काम भागतं. जेलने रंग बदलला की पुड्या सुकवून घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी कमी लागते.

आणि पहिल्या रात्रीच्या यादीत "मीच उशीर केला" हेच सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलं असेल, तर बोरा बझारला जा, बघा, हातात घेऊन बघा आणि रिकाम्या हाताने परत या. पैसे कुठे जात नाहीत. पुढचे तीन महिने तुमच्या गावच्या आठवडी बाजारात फोन घेऊन फिरा आणि तीच यादी पुन्हा करा. त्यात "अंधार" आणि "हलला" वर चढायला लागले, की कॅमेरा घ्यायची वेळ झाली.